थिसिसमध्ये सेमीकोलन नेमका कुठं द्यायचा? गाईडनी लाल गोल करून दिलेत

कळमनुरीकर:
नमस्कार मंडळी. मी मराठी मीडियमचा, सध्या परभणीला रूम करून एमएस्सी अ‍ॅग्री करायलो. थिसिसचा पहिला चॅप्टर गाईडला दिला तर परत येताना बावीस सेमीकोलनला लाल गोल, अन कारण कुठंच लिहिलेलं नाही. एक वाक्य बघा, 'द मान्सून वॉज लेट; बट द यील्ड वॉज गुड.' शाळेत तर अर्धविराम असाच शिकवला होता ना, 'ढग खूप आले; पण पाऊस पडला नाही', मग इंग्रजीत हेच चूक कसं काय? नेटवर बघितलं तर इंडिपेंडंट क्लॉज अन काय काय, सगळं डोक्यावरून जायलंय. सोमवारी परत द्यायचंय, आपल्या भाषेत सांगा कुणीतरी.

औसा_लातूर:
भाऊ सगळे काढून फुलस्टॉप दे, एकबी वाक्य चुकणार नाही. मी माझ्या रिपोर्टात तेच केलतं.

अंबाजोगाईची_मॅडम:
फुलस्टॉपनं काम भागतं, खरंय, पण पोरानं 'का' विचारलंय तर त्याला उत्तर मिळायला पाहिजे. मी बारावीला इंग्रजी शिकवते, दरवर्षी निम्म्या वह्यांत हीच चूक असते अन ती पोरांच्या आळसाची नाही, मराठीच्या नियमाची आहे. मराठीत आपण 'पण'च्या आधी अर्धविराम देतो, उभयान्वयी अव्ययासोबत. आजच्या इंग्रजीत सेमीकोलन 'बट'च्या सोबत नाही, 'बट'च्या जागेवर बसतो. म्हणून तुझं वाक्य एकतर कॉमा देऊन लिही, 'द मान्सून वॉज लेट, बट द यील्ड वॉज गुड', नाहीतर बट काढून टाक अन मग सेमीकोलन दे.

आता ओळखायचं कसं, तर सेमीकोलनवर बोट ठेव अन तिथं फुलस्टॉप आहे असं समजून दोन्हीकडचं वेगवेगळं वाच. दोन्ही तुकडे आपल्या पायावर उभे राहिले अन त्यांचा एकमेकांशी संबंध असला तरच तो ठेवायचा. 'बिकॉज द रेन वॉज लेट' एवढंच वाचलं की माणूस म्हणतो, बरं मग पुढं? म्हणजे तिथं सेमीकोलन नाही, कॉमा.

'हाउएव्हर' अन 'देअरफोर' मात्र बटसारखे नाहीत, तिथंच सगळे फसतात. 'द सॉइल वॉज गुड; हाउएव्हर, द यील्ड वॉज लो.' आधी सेमीकोलन, नंतर कॉमा, अन सेमीकोलननंतर कॅपिटल अक्षर नको.

औसा_लातूर:
मॅडम हे मला आज कळलं, पण मग शाळेत आपल्याला चूक शिकवलं का?

अंबाजोगाईची_मॅडम:
नाही हो, मराठीसाठी ते बरोबरच आहे. हे चिन्ह छापायला सुरुवात झाली व्हेनिसला, आल्डस मनुशियसच्या छापखान्यात, १४९४च्या सुमारास. मराठीत विरामचिन्हं रुळवली मेजर कँडीनं, एकोणिसाव्या शतकात, अन त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत सेमीकोलन देऊन बट सर्रास दिसतं. पुढं इंग्रजी बदलली, आपला नियम तसाच राहिला.

उदगीर_ताई:
एक राहिलं, थिसिसमध्ये हे लागणारच. गावांची यादी देताना आत कॉमा असले की गावं वेगळी करायला सेमीकोलन लागतो. 'औसा, लातूर; गंगाखेड, परभणी; अँड कळमनुरी, हिंगोली.' नुसते कॉमा दिले तर तीन गावं का सहा, वाचणाऱ्याला कळत नाही. पण यादी सुरू करताना 'फॉलोइंग'नंतर सेमीकोलन नको, तिथं कोलन, दोन टिंबं.

कळमनुरीकर:
मॅडम, ताई, लई उपकार झाले. बोट ठेवून बावीसच्या बावीस तपासले, चौदा ठिकाणी बटच होतं. पाच ठिकाणी 'फॉलोइंग' होतं, तिथं कोलन केला. दोन बिकॉजचे निघाले. एक उरलाय, 'द वेल वॉज ड्राय; द क्रॉप सर्व्हाइव्ह्ड ऑन ड्यू', दोन्हीकडचं उभं राहायलंय तरी गोल आहे. हा ठेवू का?

अंबाजोगाईची_मॅडम:
ठेव. गाईडला सोमवारी तेवढं एकच वाक्य दाखवून विचार, कदाचित त्यांचा गोल ड्यूसाठी असेल, दवावर पीक जगलं याला आकडा मागत असतील.