ए विंग + बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

शिल्पा ए-१०३, सकाळी ७:५२
पायऱ्यांवरची फळी परत कोणी काढली? मीटर रूमच्या मागे उभी करून ठेवलीय. सईची टॅक्सी गेटवर ताटकळत होती. शेवटी ड्रायव्हर आणि मी दोघांनी तिची व्हीलचेअर धरून उतरवली, तीही भर पावसात. दर वेळी मीच का विचारायचं?

नाईक काका बी-१०१, ७:५५
सुप्रभात 🌹🙏

कामत खजिनदार, ७:५८
ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी ३० तारखेच्या आत भरावा ही नम्र विनंती.

शिल्पा ए-१०३, ७:५९
कामत, मी काहीतरी विचारलंय.

बोरकर ए-२०१, ८:०६
फळीचं मला माहीत नाही. पण आता परत रॅम्पचा विषय निघणार म्हणून आधीच सांगतो, पायऱ्यांच्या बाजूची कार पार्किंगची जागा माझ्या खरेदीखतात लिहिलेली आहे.

परब ए-१०४, ८:१४
फळी मी काढली. रात्री आई त्यावरून घसरली. कमरेला मार लागलाय, झोपून आहे. पावसात प्लायवूडवर शेवाळ धरतं, ते कोणाला दिसत नाही? आम्ही ग्रुपवर बोंब मारली नाही एवढंच.

शिल्पा ए-१०३, ८:१६
अरे देवा. काकूंना लागलं हे मला कोणीच सांगितलं नाही. येऊन जाते. पण काढताना निदान दाराची बेल तरी वाजवायची होती रे, आम्ही समोरच राहतो.

परब ए-१०४, ८:१७
रात्री साडेअकराला?

रोहन बी-३०१, ८:२१
एवढं काय टेन्शन, आम्ही चार पोरं आहोत की 💪 एक कॉल करा, पालखी हजर!! 😂

रोहन बी-३०१, ८:२२
*हा मेसेज डिलीट केला गेला*

अ‍ॅड. केंकरे बी-२०२, ८:२५
रोहन, डिलीट केलंस ते बरं केलंस, पण मी वाचलं. दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून, चारचौघांत अपमान केला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. ग्रुप म्हणजे चारचौघं की नाही, हा वाद कोर्टात घालायची हौस असेल तर सांग.

रोहन बी-३०१, ८:२६
सॉरी. मजेत होतो. सईला पर्सनल पण टाकतो.

नाईक काका बी-१०१, ८:३१
*फॉरवर्ड केलेला*
अरुणिमा सिन्हा! एक पाय गमावूनही २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं!! जिद्द असेल तर डोंगरसुद्धा वाकतो. आणि आपण लहानसहान अडचणींनी खचतो… 🙏🇮🇳

सई ए-१०३, ८:४४
काका, त्या एव्हरेस्टवर स्वतःच्या मर्जीने गेल्या होत्या. मला पणजीला ऑफिसला जायचं होतं.

फर्नांडिस आंटी बी-१०३, ८:४५
😄👏

नाईक काका बी-१०१, ८:४९
बाळ, तुझ्यासाठीच टाकलं होतं. वाईट वाटलं असेल तर क्षमस्व. तू आम्हा सगळ्यांची प्रेरणा आहेस.

प्रभुदेसाई सेक्रेटरी, ९:०२
सर्व सभासदांना नमस्कार. विषय गंभीर आहे. मागच्या एजीएममध्ये रॅम्पबाबत चर्चा झाली होती व पुढील बैठकीत विचार करण्याचे ठरले होते. कृपया ग्रुपवर वैयक्तिक टीका टाळावी.

शिल्पा ए-१०३, ९:०४
आणि त्याच्या मागच्या एजीएममध्ये काय ठरलं होतं, प्रभुदेसाई?

फर्नांडिस आंटी बी-१०३, ९:०७
पदेराला कोणी उशिरा यायला सांगितलंय काय? आमच्याकडे पावच नाही आले आज.

बोरकर ए-२०१, ९:१०
माझं म्हणणं एवढंच की कोणाच्या विरोधात नाही, पण खरेदीखत बघा.

सई ए-१०३, ९:२६
प्रेरणेचं निघालंच आहे म्हणून लिहिते. गेल्या चवथीला मंडपात मला शाल-श्रीफळ दिलंत. स्टेजला दोन पायऱ्या होत्या. चौघांनी खुर्चीसकट वर नेलं. एकाने आर्मरेस्ट धरला, तो निघणारा असतो, तो हातात आला. मी एका बाजूला कलंडले, नारळ मांडीवरून घरंगळत पार पेटीवाल्याच्या पायाशी गेला. सगळे हसले, मीही हसले. मग उचलणारे जेवायला गेले आणि आरत्या आटपेपर्यंत मी वरच, मखराच्या शेजारी. खालून लोक फोटो काढत होते.
मला शाल नको. आणि रोहनदादा, उचलायलाही नको. अंगाला हात लावायच्या आधी निदान कुठे धरायचं ते विचारा.

रोहन बी-३०१, ९:२८
आर्मरेस्ट माझ्याच हातात आला होता 😬

प्रभुदेसाई सेक्रेटरी, ९:३५
सई, तो सत्कार कमिटीने मनापासून केला होता. असा अर्थ काढणे योग्य वाटत नाही.

शिल्पा ए-१०३, ९:३६
मनापासूनच केला होता, कोण नाही म्हणतंय? मंडपाच्या लायटिंगला पैसे निघाले तेही मनापासूनच. आणि पणजीच्या पर्पल फेस्टला जांभळे टी-शर्ट घालून डीपी बदलले ते कोण होते? २०२३ पासून गोव्यात एवढा मोठा दिव्यांगांचा उत्सव होतो, देशभरातून लोक येतात. त्यातलं कोणी आमच्याकडे चहाला यायचं म्हटलं तर लिफ्टपर्यंत पोचणार नाही.

बोरकर ए-२०१, ९:३८
लिफ्ट आहे ना सोसायटीत.

शिल्पा ए-१०३, ९:३८
तीन पायऱ्या चढल्यावर!!

अ‍ॅड. केंकरे बी-२०२, ९:५०
कायदा काय ते नीट सांगतो, नाहीतर कोणीतरी युट्यूब बघून येईल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, लागू एप्रिल २०१७ पासून. मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, नंतर पन्नास हजार ते पाच लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. आता खरं बोलायचं तर हा सगळा जोर सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे. खाजगी सोसायटी त्यात बसते की नाही यावर माझ्यासारखे दोन वकील दोन बाजूंनी भांडू शकतात. पण भेदभाव करू नये हे कलम ३ मध्ये आहेच. आणि आपल्याच सभासदाला कोर्टात जायला लावायचं का, हा कायद्याचा प्रश्न नाही.

बोरकर ए-२०१, ९:५३
म्हणजे सोसायटीला लागू नाही. हेच म्हणत होतो. खरेदीखत बघा.

अ‍ॅड. केंकरे बी-२०२, ९:५४
मी असं म्हटलेलं नाही, बोरकर.

शिरोडकर बी-३०२, १०:१२
मी पीडब्ल्यूडीत हयात घालवली, म्हणून बोलतो. प्रत्येक पायरी सहा इंच, तीन मिळून अठरा इंच चढ. नियम १ ला १२, एक फूट चढाला बारा फूट लांबी, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा. शिल्पाची फळी सहा फुटी. १ ला ४ होतो. त्यावरून खुर्ची ढकलणं म्हणजे घसरगुंडीच, आणि परबांची आई घसरली यात नवल नाही. फळी हा उपायच नव्हे.
पायऱ्यांपासून गेट अकरा फूट. सरळ बसणार नाही. बाजूला पार्किंगकडे नऊ फूट जाऊन पाच बाय पाचचा सपाट टप्पा, तिथे वळून परत नऊ. रुंदी चार फूट. बाजूला चिऱ्यांची भिंत, वर झाडूने ओढलेला खरखरीत कोबा. ग्रॅनाईट अजिबात नको, पावसात आरसा होतो. दोन्ही बाजूंना कठडा.

बोरकर ए-२०१, १०:१४
वळतो कुठे? माझ्या पार्किंगमध्ये.

शिरोडकर बी-३०२, १०:१५
हो. तुमच्या गाडीच्या बॉनेटवर.

रोहन बी-३०१, १०:१५
😂😂

कामत खजिनदार, १०:२०
खर्च कोण करणार? सिंकिंग फंडाला हात लावायला ठराव लागतो. तसेच मेंटेनन्स बाकी असलेल्यांनी ३० तारखेच्या आत…

शिल्पा ए-१०३, १०:२१
आमचा बाकी नाही.

कामत खजिनदार, १०:२२
तुमच्याबद्दल नाही लिहिलं ताई. बोरकरांना कळलंय.

बोरकर ए-२०१, १०:२३
माझा पार्किंगचा वाद मिटेपर्यंत भरणार नाही हे लेखी दिलेलं आहे.

परब ए-१०४, १०:४०
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते कठडा जरा जाड पाइपचा करा, हातात नीट बसेल असा. आणि शिल्पा गो, उगाच तोंड पाडून येऊ नको म्हणते, येताना अळूवडी आण.

शिल्पा ए-१०३, १०:४१
आणते. अळू तुमच्याच मागच्या दारी आहे 🙏

फर्नांडिस आंटी बी-१०३, १०:४४
बी विंगमधली आमची जागा रिकामीच असते. मुलगा दुबईला, गाडी विकली. बोरकरांनी तिथे लावावी, मला चालेल. देव बरें करूं.

बोरकर ए-२०१, १०:५८
तिथे नारळ पडतात.

फर्नांडिस आंटी बी-१०३, १०:५९
पाडेली बोलावते.

प्रभुदेसाई सेक्रेटरी, ११:०५
रविवारी सकाळी १० वाजता टेरेसवर तातडीची सभा. विषय एकच, रॅम्प.

सई ए-१०३, ११:०६
टेरेसला लिफ्ट जात नाही.

प्रभुदेसाई सेक्रेटरी, ११:०९
दुरुस्ती. सभा खाली, पार्किंगमध्ये.

शिरोडकर बी-३०२, ११:१२
उद्या सातला टेप घेऊन येतो. रोहन, दुसरं टोक धरायला ये. सई, तुझ्या खुर्चीची रुंदी आणि वळायला किती जागा लागते ते मोजून ठेव, पुस्तकातला आकडा आणि तुझी खुर्ची एक असेलच असं नाही.

सई ए-१०३, ११:१४
चाकापासून चाकापर्यंत २५ इंच. वळून दाखवते, मीही येते सातला.

बोरकर ए-२०१, ११:२०
गाडी काढीन. पण बी विंगची जागा माझ्या नावावर सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्या, आंटींची सही आणि नारळाचं नुकसान कोण भरणार तेही.

प्रभुदेसाई सेक्रेटरी, ११:३१
देतो लिहून. नारळाचं सभेत बघू.