स्वस्त व्हीपीएसवरील कोहा प्रणाली रोज संध्याकाळी मंदावते. कारण कसे शोधावे?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची आणि देवघेव आम्ही ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर चालवतो. सभासदांची वर्गणी आणि हप्त्याहप्त्याने येणारे परिरक्षण अनुदान एवढेच संस्थेचे उत्पन्न असल्यामुळे सर्व्हरवर दरमहा मोठा खर्च करणे शक्य नाही. म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने जर्मनीतील एका डेटा सेंटरमधला स्वस्त व्हीपीएस (एका मोठ्या यंत्राचा भाड्याने मिळणारा आभासी हिस्सा) वर्षभराचे पैसे आगाऊ भरून घेतला. त्यात दोन व्हर्च्युअल सीपीयू, ४ जीबी मेमरी आणि ६० जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) डिस्क आहे. कोहा डेबियन या लिनक्स प्रणालीवर बसवली असून तिची पाने लवकर उघडावीत म्हणून प्लॅकही सुरू केलेले आहे.

सकाळच्या सत्रात काहीच तक्रार नसते. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत मात्र, म्हणजे नोकरदार सभासद आणि शाळेतली मुले नेमकी येतात तेव्हा, सर्व्हर अक्षरशः रखडतो. बारकोड टिपल्यावर सभासदाची नोंद पडद्यावर उघडायला आठ-दहा सेकंद जातात आणि तेवढ्यात खिडकीसमोर रांग लागते. आमच्या ग्रंथपाल बाई रांग वाढली की पुस्तकांचे क्रमांक वहीत लिहून घेतात आणि वाचनालय बंद झाल्यावर ते संगणकावर चढवतात. हे दुहेरी काम त्यांच्यावर पडते याचे मला फार वाईट वाटते, कारण हा त्रास वाचावा म्हणूनच आम्ही संगणकीकरण केले होते.

कंपनीकडे तिकीट (लेखी तक्रार) टाकले तेव्हा ‘आमच्याकडील यंत्रणा सुरळीत आहे, आपण वरचा प्लॅन घ्यावा’ एवढेच उत्तर मिळाले. कंपनीची बाजू पूर्ण समजल्याशिवाय तिचे नाव जाहीर करणे मला योग्य वाटत नाही. दोष आमच्या मांडणीत आहे, कंपनीच्या यंत्रात आहे की वाटेतल्या इंटरनेट जोडणीत आहे, हे खात्रीने कसे ठरवावे? भरलेले पैसे सोडून दुसरीकडे जावे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कातळशिल्प

आपण वेळा दिल्या आहेत, त्यामुळे शोधाला चांगली सुरुवात मिळते. भारतीय वेळ जर्मनीच्या हिवाळी वेळेच्या साडेचार तास आणि उन्हाळी वेळेच्या साडेतीन तास पुढे असते. म्हणजे आपली संध्याकाळ ही तिथली ऐन कामाची दुपार असते आणि आपल्या वाचनालयाची सकाळ ही तिथली पहाट. त्यामुळे त्याच यंत्रावरील शेजारी ग्राहकांचा भार आपल्याला संध्याकाळी जाणवतो, ही शक्यता दिसते. मात्र आपली स्वतःची गर्दीही त्याच वेळी असते, तेव्हा मोजमाप केल्याशिवाय कंपनीला दोष देता येणार नाही.

संध्याकाळी सर्व्हर रखडत असताना त्यावर ‘टॉप’ हा आदेश चालवा आणि सीपीयूची ओळ पाहा. त्या ओळीतील सर्वांत शेवटचा आकडा ‘एसटी’ या अक्षरांसमोर असतो. आपल्या आभासी यंत्राला काम करायचे होते, पण खालच्या प्रत्यक्ष यंत्राने सीपीयू दुसऱ्या कुणाला दिल्यामुळे ते ताटकळत राहिले, अशा वेळेचे प्रमाण तो आकडा सांगतो. तो शून्य ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर शेजाऱ्यांना बोल लावू नये. तो सातत्याने दहाच्या वर असेल तर आपण आपल्या बाजूने कितीही सुधारणा केल्या तरी त्यांचा उपयोग मर्यादितच राहील. त्याच ओळीतील ‘डब्ल्यूए’ हा आकडा डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ दाखवतो. तो मोठा असेल तर आधी ‘फ्री’ आदेशाने मेमरी तपासा, कारण मेमरी अपुरी पडून स्वॅप (मेमरीऐवजी वापरली जाणारी डिस्कवरील जागा) वापरला जात असेल तर एनव्हीएमई डिस्कवरही कोहा मंदावते.

एकदा पाहिलेला आकडा पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी ‘सिसस्टॅट’ हे पॅकेज बसवून त्याची नोंदणी चालू करा. ते दर दहा मिनिटांनी ही सर्व प्रमाणे नोंदवून ठेवते आणि नंतर ‘सार’ या आदेशाने कोणत्याही दिवसाचा तक्ता काढता येतो. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तेव्हा आपली संध्याकाळची पाच ते आठ ही वेळ त्या तक्त्यात साडेअकरा ते अडीच अशी दिसेल हे ध्यानात ठेवा. किमान एका आठवड्याच्या नोंदी जमू द्या, आणि वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्यात आवर्जून धरा. त्या दिवशी आपला स्वतःचा भार जवळपास नसतो. त्या दिवशीही ‘एसटी’ चढलेलाच दिसला, तर भार बाहेरचा आहे याबद्दल शंका उरणार नाही.

जोडणीची तपासणी वेगळी करावी. वाचनालयातील संगणकावरून ‘एमटीआर’ (सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरील विलंब मोजणारे साधन) लावून सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे ताडून पाहा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि जर्मनी आपल्यापासून सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे जाऊन येण्यास पासष्ट मिलिसेकंद लागणारच, आणि केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने प्रत्यक्षात आकडा शंभराच्या पुष्कळ वर जातो. तेवढ्याने पान किंचित रेंगाळेल, पण दहा सेकंद लागणार नाहीत.

शून्यप्रहर

मी काही वर्षे होस्टिंगच्या व्यवसायात काम केले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. प्रत्यक्ष यंत्रात जेवढे सीपीयू धागे (एका वेळी चालू शकणारी कामे) असतात, त्याच्या कितीतरी पट व्हर्च्युअल सीपीयू विकले जातात, आणि ही लबाडी नाही. बहुतेक व्हीपीएस दिवसाचा बराचसा काळ रिकामे बसून असतात, आणि त्यांचा तो मोकळा वेळ इतरांना देता येतो म्हणूनच हा भाव परवडतो. स्वस्त प्लॅनच्या अटींमध्ये सीपीयू सामायिक असल्याचे आणि त्याचा वापर ‘वाजवी’ असावा असे बहुधा लिहिलेले असते. ते कलम आपण वाचून घ्यावे.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देतो. आयपीव्ही४ पत्त्यांचा (इंटरनेटवरील यंत्रांच्या क्रमांकांचा) केंद्रीय जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रादेशिक संस्थांना वाटून संपला. पुढे त्या संस्थांचे साठेही आटत गेले आणि आता हे पत्ते बहुधा विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात. अमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलरहून थोडे अधिक, आकारायला सुरुवात केली. एका मोठ्या कंपनीकडे नुसत्या पत्त्याला जेवढे पडतात, तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत जी कंपनी सीपीयू, मेमरी, डिस्क आणि पत्ता असे सगळेच देते, तिने कुठेतरी काटकसर केलेली असणार. ती बहुधा दोन ठिकाणी होते: एका यंत्रावरील ग्राहकांच्या संख्येत आणि मदत करणाऱ्या माणसांच्या संख्येत. आपल्याला मिळालेले एका ओळीचे उत्तर हे मला त्या दुसऱ्या काटकसरीचे फळ वाटते.

असे असले तरी ‘स्वस्त घेतले, आता सोसा’ असे मी म्हणणार नाही. वाटून घेतलेला सीपीयू अधूनमधून कमी पडणे समजण्यासारखे आहे, पण रोज ठरावीक तीन तास तो कमी पडत असेल तर त्या यंत्रावर प्रमाणाबाहेर ग्राहक भरले आहेत किंवा एखादा ग्राहक इतरांचे हाल करतो आहे. दोन्हींवर कंपनीला उपाय करता येतो. तिकिटात ‘सर्व्हर मंद आहे’ असे लिहिले की पहिल्या फळीतला कर्मचारी ठरलेले उत्तर चिकटवतो. त्याऐवजी ‘अमुक तारखांना, अमुक यूटीसी वेळेत स्टील (म्हणजे ‘एसटी’चा आकडा) इतके टक्के होते, सोबत सारचा तक्ता जोडला आहे, कृपया माझे यंत्र दुसऱ्या नोडवर हलवावे’ असे नेमके लिहा. (नोड म्हणजे अनेक व्हीपीएस चालवणारे एक प्रत्यक्ष यंत्र.) अशी विनंती थेट यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि केव्हीएम या प्रणालीवर चालणारे आभासी यंत्र एका नोडवरून दुसऱ्यावर नेणे हे त्यांच्यासाठी नेहमीचे काम असते.

‘९९.९ टक्के उपलब्धता’ या हमीवर मात्र विसंबू नका. तिच्या हिशेबात महिन्याला साधारण ४३ मिनिटे सर्व्हर बंद राहिला तरी हमी मोडत नाही, आणि चालू असून रखडणारा सर्व्हर तर त्या हिशेबात ‘उपलब्ध’च धरला जातो.

दक्षिणकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण मला वाटते की रोज रांगेसमोर चालणारी देवघेव जर्मनीत ठेवणेच मुळात गैरसोयीचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून युरोपकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा वेळी कंपनी कितीही चांगली असली तरी तिच्या हाती काही नसते. मुंबई परिसरातील डेटा सेंटरमध्ये सर्व्हर घेतला तर महिन्याला थोडे जास्त पडतील, पण हे अंतर मध्ये येणार नाही.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट बॅकअपची आहे, आणि तिचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही. डेबियनवरील कोहा दररोज आपोआप बॅकअप घेते खरी, पण तो त्याच सर्व्हरवर ‘व्हार/स्पूल/कोहा’ या निर्देशिकेत ठेवते, आणि मूळ मांडणीत फक्त शेवटच्या दोन दिवसांच्या प्रती राखते. सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची पाच मजली इमारत जळून खाक झाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते अशा अनेकांची माहिती कायमची नष्ट झाली. ती कंपनी युरोपातील सर्वांत मोठ्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक होती. मग लहान कंपनीबाबत तर अधिकच सावध राहायला हवे. तुमच्या वाचनालयात हजारो नोंदी कुणीतरी एकेक पुस्तक हातात घेऊन केल्या असतील. त्या पुन्हा करण्याची वेळ कुणावरही येऊ नये. रोज रात्री ती बॅकअपची फाइल ‘आरसिंक’ या नक्कल करणाऱ्या साधनाने वाचनालयातील संगणकावर उतरवून घ्या आणि आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर टाका.

शिवाय नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या वहीत लिहून ठेवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी आधी नोंदणी आणि अतिरिक्त पडताळणी लागते. अनेक परदेशी कंपन्यांकडे ती सोय नसल्यामुळे वसुली नाकारली जाते, त्याबद्दलचा ईमेल कुणी पाहत नाही आणि मुदत संपली की सर्व्हर पुसला जातो. कार्ड एखाद्या विश्वस्ताचे आणि ईमेल बदलून गेलेल्या सचिवांचा, अशी स्थिती संस्थांमध्ये नेहमीच आढळते.

वाचनकट्टा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नोंदी घेतल्या. सकाळच्या सत्रात स्टील दोन टक्क्यांच्या आत असतो, तर संध्याकाळच्या वेळेत तो पंचवीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत चढतो. वाचनालय सोमवारी बंद असते, पण सोमवारच्या संध्याकाळीही आकडे तसेच होते. मेमरी पुरेशी आहे, स्वॅप जवळपास वापरला जात नाही, आणि एमटीआरचे सकाळ-संध्याकाळचे आकडे सारखेच आहेत.

शून्यप्रहर यांनी सुचवल्याप्रमाणे तक्ता जोडून नवे तिकीट टाकले. या वेळी वेगळ्या माणसाचे सविस्तर उत्तर आले. नोडवर भार जास्त असल्याचे त्यांनी मान्य केले आणि रविवारी रात्री आमचे यंत्र दुसऱ्या नोडवर हलवले. तेव्हापासून संध्याकाळचा स्टील चार टक्क्यांच्या वर गेलेला नाही आणि सभासदाची नोंद एक-दोन सेकंदांत उघडते. वही सध्या कपाटात गेली आहे. बॅकअप आता रोज वाचनालयातील संगणकावर उतरतो. नूतनीकरणाचा पत्ताही बदलून घेतला आहे.

तरीही दक्षिणकाठ यांचे अंतराबद्दलचे म्हणणे कार्यकारिणीला पटले आहे. भरलेली मुदत संपेपर्यंत इथेच राहावे आणि त्यानंतर मुंबईतील सर्व्हर घ्यावा असे ठरत आहे. स्थलांतराच्या दिवशी देवघेव बंद ठेवावी लागेल का?

कातळशिल्प

सोमवारीच करा, म्हणजे वेगळी सुट्टी द्यावी लागणार नाही. नवा सर्व्हर मुदत संपण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी घ्या. कोहाची तीच आवृत्ती त्यावर बसवा आणि ‘कोहा-डम्प’ने काढलेला बॅकअप ‘कोहा-रिस्टोअर’ने तिथे चढवून आधी एक तालीम करून पाहा. बॅकअप खरोखर उघडतो का, हेही त्यात आपोआप तपासले जाईल. नव्या सर्व्हरवरही पहिल्या दिवसापासून सिसस्टॅट चालू ठेवा आणि संध्याकाळचे आकडे समाधानकारक असतील तरच वर्षाचे पैसे भरा. तोवर महिन्याच्या हप्त्यावर राहा.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या आदल्या दिवशी डीएनएस नोंदीचा (संकेतस्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र किती वेळ साठवून ठेवली जाते तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. सोमवारी सकाळी जुन्या सर्व्हरवरील कोहा थांबवून अखेरचा डम्प घ्या, तो नव्यावर चढवा, शोधसूची पुन्हा बांधू द्या आणि मग डीएनएस बदला. ग्रंथपाल बाईंना दुपारी एखादे पुस्तक देऊन-घेऊन पाहायला सांगा. जुना सर्व्हर मात्र लगेच रद्द करू नका, मुदत संपेपर्यंत तो तसाच बंद अवस्थेत राहू द्या.