वाळवंटी कॅम्पेनमध्ये पाण्याचा स्पेल ठेवावा का?

सांडणीस्वार

दोन महिने डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या नव्या कॅम्पेनसाठी (लांब मोहिमेसाठी) वाळवंट रचतोय. पाच प्लेअर, डीएम (खेळ चालवणारा) मी. नकाशा झाला, टोळ्या झाल्या, त्यांची भांडणं झाली. एका स्पेलपाशी (मंत्रापाशी) अडलोय, म्हणून हा धागा.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. पाच जणांचे झाले दहा गॅलन. आणि क्लेरिक किंवा ड्रुइड (मंत्र टाकणारी पात्रं, पुजारी आणि निसर्गपूजक) पहिल्याच लेव्हलच्या स्पेलने बरोब्बर दहा गॅलन पाणी काढून देतो. सकाळी एक स्लॉट (दिवसातली मंत्र टाकायची एक संधी) खर्च केला की वाळवंट संपलं, मागे उरतो नुसता पिवळा पडदा.

माझं मत: हा स्पेल काढून टाकावा. कारण मला नकाशा विहिरींचाच हवाय. थरमध्ये जैसलमेर-बिकानेरकडे पाण्याचे तीन प्रकार मानतात. पालर म्हणजे थेट पावसाचं, पाताळ म्हणजे खोल विहिरीचं आणि बरेचदा खारं, आणि या दोघांच्या मधलं रेजाणी. काही भागात वाळूखाली जिप्समचा थर असतो. मुरलेलं गोडं पाणी त्या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, ओल बनून वाळूतच राहतं. ती ओल गोळा करायला कुंई खणतात. इतकी अरुंद, की आत माणूस जेमतेम बसतो आणि आखूड दांड्याच्या हत्याराने खणतो. वरची माणसं मुठीमुठीने वाळू खाली फेकतात, म्हणजे ताजी हवा खाली जाते. ती वाळू डोक्यावर बसू नये म्हणून खणणारा धातूचं भांडं टोपीसारखं घालतो. एवढं करून दिवसाला मिळतात दोन-तीन घडे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. कुंई एका घराच्या मालकीची, पण जमीन गावाची. ओल सगळ्यांची एकच असल्यामुळे नवी कुंई खणायची तर गावाची परवानगी लागते. या एका नियमातून माझी पहिली चार सेशन निघतात. स्पेल ठेवला तर एकही निघत नाही.

दोन_फासे

पूर्ण असहमत. कुंईचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, ते नक्की वापरा. पण स्पेल काढू नका.

एका वाळवंटी कॅम्पेनमध्ये आठ महिने प्लेअर होतो. आमच्या डीएमने हेच केलं होतं. चार तासांच्या सेशनमध्ये पाऊण तास पखाली मोजण्यात जायचा. कोण किती प्यायलं, घोड्याला किती पाजलं, कोणाला एक्झॉस्शनची (थकव्याची) कितवी पायरी लागली. तहान कोणालाच जाणवली नाही, जाणवली ती वजाबाकी. दोघं जण मध्येच सोडून गेले.

दुसरं, स्लॉट फुकट नसतो. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे दिवसाला दोनच स्लॉट. एक पाण्यात गेला, तर दुपारी विंचवाने नांगी मारल्यावर जखम भरायला एकच उरतो. वाळवंट आपली किंमत रोज वसूल करतंच आहे की. तुम्ही ती किंमत देण्याची संधीच काढून घेताय.

सांडणीस्वार

पहिल्या लेव्हलपुरतं मान्य. तिसऱ्या लेव्हलला त्याच क्लेरिककडे पहिल्या पातळीचे चार स्लॉट येतात, वर दुसऱ्या पातळीचे दोन. मग एक स्लॉट म्हणजे किरकोळ खर्च. तिसऱ्या लेव्हलनंतरच्या वाळवंटाचं काय करायचं?

माणदेशी

दोघांशीही असहमत. तुम्ही दोघं हिशोब फक्त पार्टीचा (प्लेअरांच्या चमूचा) करताय.

दहा गॅलन म्हणजे साधारण ३८ लिटर. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो. म्हणजे तुमच्या क्लेरिकच्या एका स्पेलमध्ये एका उंटाची निम्मी तहानही भागत नाही. वीस उंटांचा तांडा घेऊन निघालात की स्पेलची काळजी आपोआप मिटते. आता पार्टीला चारशे वस्तीच्या गावात आणा आणि सकाळी सगळ्यांसमोर तो स्पेल टाकू द्या. उद्या पहाटे तंबूबाहेर कोण कोण उभं असेल?

मी दुष्काळी तालुक्यात वाढलो. टँकर यायचा तेव्हा पाणी किती आलं हे आम्ही नंतर बघायचो. आधी बघायचो पाइप कोणाच्या हातात आहे. आई मला घागर घेऊन पुढे पाठवायची, कारण लहान पोराला कोणी एकदम ढकलत नाही. आमच्या वस्तीचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागायचा, आणि तो शेवटी का लागायचा हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. २०१६ साली लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. हे पखालींच्या वजाबाकीतून कधीच कळणार नाही. स्पेल ठेवा, आणि क्लेरिकच्या हातात पाइप द्या. ३८ लिटर कोणाला द्यायचे हे त्याला ठरवू द्या.

उत्तररात्र

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. +१.

धागाकर्त्यांना वेगळी सूचना. वाळवंट म्हटलं की बहुतेक डीएम टेकड्यांमागे टेकड्या काढतात आणि मधे एक बाजार, एक जिन, एक बुरखेवाली हेर. ते टाळा. सहारासुद्धा जेमतेम पाव भाग वाळूचा आहे. बाकी खडकाळ पठारं, गोट्यांची मैदानं, कोरडी नदीपात्रं. दूरच्या डोंगरात पाऊस पडला की त्या पात्रांत अचानक लोंढा येतो आणि वाळवंटात माणसं बुडून मरतात. असा एक लोंढा एका सेशनमध्ये आणाच.

आणि तहानेचं भय हवं असेल तर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचा १३५२ सालचा सहारातला प्रवास बघा. मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून २५ दिवसांनी तो तघाझा या मिठाच्या खाणीच्या गावी पोचतो. तिथली घरं मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्यांचं छप्पर. झाड एक नाही, पाणी मचूळ, खजूर-बाजरीसुद्धा बाहेरून येणारी. तरी तिथे सोन्याचा प्रचंड व्यापार. पुढच्या वाटेवर तांडा तकशीफ, म्हणजे आगाऊ निरोप नेणारा भाड्याचा माणूस, आधी वाळवंटापलीकडच्या वलाताला धाडायचा. तो पोचला तर तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांची वाट चालून तांड्याला सामोरे यायचे. तो वाटेत मेला, तर तांडा येतोय हे वलातात कळायचंच नाही, आणि बरेचदा सगळे मरायचे. बतूताच्या तांड्याने त्याला शंभर मिस्काल (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं दिलं होतं.

तुमच्या पाच जणांना तकशीफचं काम द्या. मागे दोनशे माणसं चालतायत. स्वतःपुरतं पाणी त्यांच्याकडे आहे, पण वेळेवर पोचायचंय. इथे स्पेल असला काय, नसला काय.

दोन_फासे

हे मी आज रात्री खेळायला तयार आहे.

माणदेशींशी मात्र माझा वाद राहणार. क्लेरिक घेणारा प्लेअर आठवडाभर ऑफिस करून शनिवारी चार तास वीर व्हायला येतो. दर पहाटे चारशे लोकांमधून कोणाला नाही म्हणायचं हे त्याच्या गळ्यात घालणं एखाद्या सेशनपुरतं ठीक. पंधरा सेशन तेच केलंत तर ती शिक्षा होते.

माणदेशी

नाही म्हणावं लागणं ही शिक्षा वाटत असेल तर त्याने वाळवंटात येऊ नये. वीर होण्याची वेळ येते ती तिथेच.

सांडणीस्वार

स्पेल काढायचा विचार सोडला. उंटाचा हिशोब वाचल्यावर माझाच मुद्दा मला तोकडा वाटला. पण ओल मी सोडणार नाही. माझ्या जगात तो स्पेल पाणी नव्याने निर्माण करणार नाही, आसपासच्या वाळूतून ओढून आणेल. कुंई असलेल्या गावाजवळ क्लेरिकने ३८ लिटर काढले, की दुसऱ्या दिवशी सकाळी तीन घरांचे घडे अर्धेच भरतील. आधी कोणालाच कारण कळणार नाही. मग एक म्हातारी कुंई खणणारीण वाळू हातात घेऊन चुरडेल आणि पार्टीच्या तंबूकडे बघेल.

दोन_फासे

सीन सुंदर आहे, पण नियम लपवून हे केलंत तर तो दगा होईल. स्पेलच्या वर्णनात पाणी निर्माण होतं असं लिहिलंय. प्लेअरने तेच वाचून तो निवडलेला असणार. सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) क्लेरिकच्या प्लेअरला एकट्याला बाजूला घेऊन सांगा, की इथे पाणी कुठून तरी येतं. कुठून, ते सांगू नका. त्यानंतरही त्याने स्पेल घेतला तर ती म्हातारी बिनधास्त पाठवा.

माणदेशी

आणि तिला रिकाम्या हाताने पाठवू नका. तिच्याकडे घडा हवा.