मदत हवी आहे: आईचा जन्मदाखला, दोन नावं आणि मुंबईचा इमिग्रंट व्हिसा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या ग्रीन कार्डचं काम सुरू आहे. मी अमेरिकन नागरिक, त्यामुळे कॅटेगरी आयआर-५ (नागरिकाचे आई-वडील). दोघांचे आय-१३० (नातेवाइकासाठीचे अर्ज) वेगवेगळे भरले होते, दोन्ही मंजूर झाले आणि केस आता नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) आहेत. बीएमबीने (मुंबईची खूण) सुरू होणारे केस नंबर आले, माणशी ३२५ डॉलरची व्हिसा फी भरली, डीएस-२६० (व्हिसाचे ऑनलाइन अर्ज) भरत आणलेत. आय-८६४ ची, म्हणजे आर्थिक हमीपत्राची, चिंता नाही. आम्ही चौघं आणि ते दोघं असं सहा जणांचं कुटुंब धरलं, तर २०२५ च्या गरिबीरेषेच्या तक्त्याच्या १२५ टक्के म्हणजे ५३,९३७ डॉलर होतात, तेवढं उत्पन्न आहे. गाडी अडलीय ती कागदपत्रांपाशी, त्यातही आईच्या.

आईचा जन्म आजोळी, घरातच. पासपोर्ट, आधार, पॅन सगळीकडे जन्मतारीख १ जून १९५२. ही एक जून कुठून येते ते इथे कुणाला सांगायला नको, गुरुजींनी शाळेत घालताना वय बसवून टाकलं. मामेभावाने तहसीलमधून गाव नमुना १४ ची (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) नक्कल काढली, तर आजोबांच्या नावापुढे नोव्हेंबर १९५१ ची एक नोंद सापडली. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. पुढे नुसतं ‘स्त्री’, बापाचं नाव, जात, गाव, आणि शाई इतकी पसरलेली की तारखेतला दुसरा आकडा तीन आहे की आठ हे ठरवताना घरात दोन तट पडले. आजोबांना चार मुली. आई म्हणते नोंद माझीच, मोठी मावशी म्हणते माझी.

दुसरी भानगड नावाची. माहेरचं नाव इंदू. लग्नात ताटातल्या तांदळात जे नाव लिहिलं गेलं ते वैशाली. पासपोर्ट वैशालीचा, माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वैशाली, पण शाळा सोडल्याचा दाखला इंदूचा. राजपत्रात काही छापलेलं नाही. लग्नाची नोंदणी मात्र नंतर करून घेतलेली आहे आणि त्या दाखल्यात लग्नाआधीचं नाव आहे.

तर जन्माचा पुरावा म्हणून नक्की काय लावू? ती कोऱ्या नावाची नोंद दाखवावी की नाही? एक एजंट म्हणतोय, ‘एक जूनचा, वैशाली नावाचा नवा जन्मदाखला काढून देतो, कुणी विचारत नाही.’ मला हे अजिबात पटलेलं नाही, पण आई-बाबांना तोच मार्ग सोपा वाटतोय, तेव्हा त्यांना वाचून दाखवता येईल असं कुणीतरी लिहा!

बाबांचं थोडक्यात: १९८० च्या दशकात मस्कतला तीनेक वर्षं नोकरी केली. भारतातलं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळालंय. मस्कतचंही लागेल का? आणि तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केलेला. मेडिकलला सांगावं ना?

कागदीघोडा

एजंटला लांबूनच रामराम करा. आई-बाबांना हे वाचून दाखवा: व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचं सिद्ध झालं की फक्त ती केस जात नाही, अमेरिकेत प्रवेशाला कायमची आडकाठी येते आणि ती माफ करून घेणं महाकठीण. तुमच्या आईची केस मुळात सरळ आहे. मुलगा नागरिक, आईच्या नावासकट त्याचा जन्मदाखला हातात. ती वाकडी करायचं कारणच नाही.

उशिरा नोंदणी हा प्रकार कायद्यात आहे. वर्षाहून जास्त उशीर झाला असेल तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईचा गेल्या महिन्यात निघालेला जन्मदाखला पाहून अधिकारी खूश होत नाही, तो ‘आधीचं काय आहे’ असंच विचारतो. मग आधीचंच का देऊ नये?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांचे दाखले बऱ्याचदा नसतात हे मुंबईच्या कॉन्सुलेटला पाठ आहे. रिवाज असा: जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला (सगळे ज्याला एनएसी म्हणतात तो) ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्र देणारा माणूस आईपेक्षा वयाने मोठा हवा, कारण त्याला जन्माची माहिती स्वतःला असली पाहिजे. धाकट्या मामाचं चालवू नका. त्यात जन्माची तारीख, ठिकाण, आईच्या दोन्ही पालकांची नावं, लिहिणाऱ्याचं नातं आणि त्याला हे कसं माहीत, एवढं यायला हवं. नोटरीकडे छापील मसुदा असतो त्यात शेवटचा मुद्दा हमखास गाळलेला असतो. तुमची मोठी मावशी यासाठी उत्तम, फक्त आधी त्या नोंदीवरचं भांडण मिटवा. 🙂

सातासमुद्रापार

नावाच्या बाबतीत. डीएस-२६० मध्ये ‘आधी वापरलेली इतर नावं’ असा प्रश्न आहे. तिथे इंदू, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव असं पूर्ण भरा. शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग वेगळं असेल तर तेही. लोक इथे ‘नाही’ टाकतात आणि मग इंटरव्ह्यूला शाळेचा दाखला पुढे करतात, म्हणजे आपल्याच हाताने शंका निर्माण करायची.

राजपत्राची गरज मला तरी वाटत नाही. लग्नाच्या दाखल्यात जुनं नाव आहे हाच तुमचा पूल. इंदू आणि वैशाली एकच, असं आईचं प्रतिज्ञापत्र वरून जोडा. माझ्या सासूबाईंचं याच पद्धतीने झालं, खिडकीवर एकच प्रश्न आला: लग्नाआधी काय नाव होतं? त्यांनी नाव सांगितलं, वर गावही सांगितलं, आणि पुढची गोष्ट सुरू करणार तेवढ्यात अधिकारी पुढच्या प्रश्नाकडे वळला.

बिनधास्त_बोलतो

एवढा खटाटोप कशाला? दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असेलच ना त्यांच्याकडे? घेऊन या आणि इथेच आय-४८५ (अमेरिकेत राहून करायचा ग्रीन कार्डचा अर्ज) भरा. किंवा पासपोर्टवरची तारीख बदलून नोव्हेंबरची करून घ्या, विषय संपला.

कागदीघोडा

@बिनधास्त, कायमचं राहायचं ठरवून व्हिजिटर व्हिसावर उतरायचं आणि विमानतळावर ‘नातवंडांना भेटायला आलो’ म्हणायचं, हीसुद्धा खोटी माहितीच. आल्यावर परिस्थिती बदलली तर गोष्ट वेगळी, पण यांची केस एनव्हीसीला पोचलेली आहे. मनात काय होतं ते कागदच बोलतात.

आणि पासपोर्टच्या तारखेला हात लावू नका. आय-१३०, पीसीसी, आधार, सगळं १ जूनवर उभं आहे. आता तारीख बदलली तर प्रत्येक कागद नव्याने जुळवत बसाल, तेही अशा नोंदीसाठी जी आईची आहे की मावशीची हे नक्की नाही.

डॉक्टरीणबाई

टीबीबद्दल लिहिते. सांगायचंच. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्सरे होतो आणि जुना व्रण असला तर तो त्यात दिसतो. एक्सरेत टीबीसारखं काही आढळलं, तर थुंकीचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतात. त्यातली मायक्रोस्कोपखालची तपासणी पटकन होते, पण कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणं) आठ आठवडे ठेवतात. तोपर्यंत मेडिकलचा रिपोर्ट पूर्ण होत नाही आणि व्हिसाही नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळापत्रक कोलमडतं. म्हणून इंटरव्ह्यूची तारीख आल्यावर शेवटच्या आठवड्यात मेडिकल ठेवू नका आणि विमानाची तिकिटं तर मुळीच काढू नका.

जुने एक्सरे, औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, जे असेल ते न्या. मेडिकल फक्त कॉन्सुलेटने नेमलेल्या पॅनल डॉक्टरांकडेच चालतं, फॅमिली डॉक्टरचं पत्र जुन्या आजाराची माहिती म्हणून उपयोगी, बदली म्हणून नाही. लशींच्या नोंदी असतील तर त्याही न्या.

सातासमुद्रापार

मस्कतचं राहिलंच. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर एखाद्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलं असेल तर तिथलं पोलीस सर्टिफिकेट मागतात, मग ते चाळीस वर्षांपूर्वीचं का असेना. स्टेट डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर देशवार रेसिप्रॉसिटीचं पान आहे, त्यात ओमान उघडा. तिथे कागद कसा आणि कुठून मिळतो ते लिहिलेलं असतं. एखादा कागद ‘अनुपलब्ध’ म्हटला असेल तर तो मागत नाहीत. बाबांचा तेव्हाचा जुना पासपोर्ट फेकला नाही ना? रेसिडेन्सीचा शिक्का असलेली पानं कुठल्याही मार्गाने गेलात तरी लागतील.

चहाटळ

विषय थोडा सोडून विचारते, रागावू नका. आई-बाबांना तिथे राहायचंय ना खरंच? आमच्याकडे ग्रीन कार्ड आलं आणि सासरे चार महिन्यांत गावी पळाले. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना प्रश्न सुरू होतात, वर्षाच्या पुढे जाणार असाल तर आधी रीएंट्री परमिट, आणि त्याचा अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. मेडिकेअरही (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पासष्टीनंतर लगेच नाही, त्याआधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य हवं. तोवरच्या विम्याचा हिशेब आत्ताच करून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. @चहाटळ, रागवायचं काय त्यात, आमच्याकडेही हीच चर्चा रोज रात्री फोनवर. आई तयार आहे, बाबा ‘बघू’ म्हणतात. बाबांचं ‘बघू’ म्हणजे काय ते आईलाच कळतं.

एजंटचा विषय बंद. कागदीघोडा यांचं पहिलं उत्तर आईला वाचून दाखवलं, ‘कायमची आडकाठी’ ऐकल्यावर तिनेच बाबांना गप्प केलं. बाबांचा मस्कतचा पासपोर्ट ट्रंकेत सापडला, शिक्के स्पष्ट आहेत.

आता एकच शंका उरली. ग्रामसेवक १ जून १९५२ आणि आईचं नाव घेऊन शोध घेतील आणि एनएसी देतील. पण ती कोरी नोंद आहे हे आम्हाला माहीत असताना एनएसी लावणं म्हणजे लपवाछपवी होते का?

कागदीघोडा

चांगला प्रश्न. माझं मत: लपवू नका, पण तिला जन्मदाखला म्हणूनही पुढे करू नका. ग्रामसेवकांना सांगूनच अर्ज करा की या नावाची, या तारखेची नोंद तपासा. मावशीच्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य घाला की आजोबांच्या नावे एका मुलीची नाव नसलेली नोंद आहे आणि ती कोणाची हे घरात कुणाला खात्रीने सांगता येत नाही. नक्कल जवळ ठेवा, विचारलं तर दाखवा. १ जून ही शाळेची तारीख आहे हेही आईने विचारल्यावर सरळ सांगावं. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी अशा एक जूनवाल्या आज्या ढिगाने पाहिलेल्या असतील.

अगदीच अडलं तर २२१-जी ची (व्हिसा तूर्त थांबवल्याची) चिठ्ठी देतील, त्यावर काय हवं ते लिहिलेलं असतं. ते वर्षाच्या आत द्यायचं. लोक त्या चिठ्ठीला कायमचा नकार समजून हातपाय गाळतात, तसं नसतं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याची सही आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे असं निवेदन. स्कॅन करताना दाखल्याची मागची बाजूही घ्या. तहसीलचा शिक्का बऱ्याचदा मागेच असतो आणि तेवढ्यावरून एनव्हीसी कागद परत पाठवते. मूळ प्रती इंटरव्ह्यूला न्यायच्याच आहेत, त्या लॅमिनेट करू नका.

धागाकर्ता

शाळेचा दाखला बाबांनी आधीच लॅमिनेट करून आणलाय. शाळा अजून सुरू आहे, दुय्यम प्रत मागायला मामेभाऊ सोमवारी जातोय.