किमान वेतनाच्या हिशेबात आई-वडील कुठे आहेत?

भोसरीचा फिटर
1957 च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचं सूत्र ठरलं. खाण्याच्या गरजेप्रमाणे युनिट धरले: कामगार 1, बायको 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6, झाले तीन युनिट. दर युनिटला दिवसाला 2,700 कॅलरी, घराला वर्षाचं 72 यार्ड कापड, भाडं, इंधन-दिवाबत्ती. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी 25 टक्के जोडले. पण घरातल्या म्हाताऱ्यांच्या ताटाचं काय? 2019 ला केंद्राच्याच सत्पथी समितीने तीनाऐवजी 3.6 युनिट धरा, दिवसाला किमान 375 रुपये द्या असं सुचवलं. केंद्राने त्याच वर्षी तळवेतन, म्हणजे देशभरासाठीची सगळ्यात खालची मर्यादा, ठेवलं दिवसाला 178 रुपये. संविधानाचं कलम 43 निर्वाह वेतनाबद्दल बोलतं. आई-बापाला गावी सोडून कसला निर्वाह?

लेथवाले काका
178 पुढे करू नका. महाराष्ट्राचं किमान वेतन त्याहून बरंच वर आहे, शिवाय दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे विशेष भत्ता बदलतो. माझ्या छोट्या शेडमध्ये मी सगळ्यांना नियमाप्रमाणे देतो. त्याहून जास्त आणू कुठून? जॉबवर्कचा, म्हणजे मोठ्या कंपनीसाठी करून दिलेल्या कामाचा, रेट ती वरची कंपनीच ठरवते. कायद्याने 45 दिवसांत पैसे यायला हवेत, येतात चार-चार महिन्यांनी. आणि दाम कामाचं असतं. एकाच मशिनवरच्या दोघांना घरातली माणसं मोजून पगार देऊ का?

भोसरीचा फिटर
काका, माणसं मोजून वेगळा पगार कोणीच मागत नाही. सगळ्यांसाठी एकच आकडा, पण तो काढताना म्हातारे धरा. फक्त कामाचंच दाम असतं तर सूत्रात बायको-मुलं तरी कशाला आली?

चिखलीची ताई
मला दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे हातात 18 हजार येतात, त्यातले साडेसात खोलीला, लाईटबिल वेगळं. मागच्या वेळी पगार वाढला आणि अकरा महिन्यांचा करार संपताच मालकाने भाडं वाढवलं. 57 च्या सूत्रात भाडं धरलंय ते सरकारने कामगारांसाठी दिलेल्या स्वस्त घराचं. तशी घरं आज चाकण-तळवड्याला दाखवा! आधी घरं बांधा, नाहीतर वाढीव पगार मालकाच्याच खिशात जाणार.

भोसरीचा फिटर
ताई, घरं व्हायला दहा वर्षं लागतील. माझ्या आईच्या शुगरच्या गोळ्या या महिन्यात लागतात.

लेथवाले काका
घरांचं ताईंचं मला पटलं. पण फिटरदादा, माझी बिलं 45 दिवसांत निघायला लागली तर पगार वाढवायला मी तयार आहे. तोवर 3.6 चा भार माझ्यासारख्यावर टाकलात तर शेड बंद पडेल आणि सहा पोरं घरी बसतील.