माध्यमिकच्या मुलांची झोप म्हणजे लाड नव्हेत (त्या फिरत्या पोस्टला उत्तर)

वैशाखी_नाशिक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक लांबलचक पोस्ट फिरली. सूर असा की माध्यमिक शाळा नऊला भरवा ही मागणी म्हणजे आळशी पालकांचे लाड. आमच्या वेळी आम्ही पाचला उठून विहिरीवर आंघोळ करायचो, आताची पोरं नाजूक, रात्री मोबाइल कपाटात ठेवा आणि पहाटे पाचला उठवा, आपोआप सुधारतील. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या झोपेचा मुद्दा मांडला, त्यातून तो आला. चांगलंच झालं. पण ज्यांची झोप वयामुळेच पुढे सरकते ती मुलं चौथीच्या नंतरची! वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री तास-दोन तास उशिरा स्रवायला लागतं. नववीतल्या मुलाला साडेनऊला अंथरुणात घातलं तरी डोळा लागत नाही, आणि झोपेची गरज मात्र 8 ते 10 तासांची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला, 2022 पासून लागूही आहे.

आमच्या शाळेत काय झालं? इमारत एक, सत्रं दोन. प्राथमिकला नंतरची वेळ दिली आणि माध्यमिकला सकाळी सात दहाला आणून बसवलं. व्हॅन सव्वासहाला येते. माझी मुलगी नववीत आहे. त्या वेळी घास उतरत नाही म्हणून उपाशी जाते, एकला येते, तीन ते सहा क्लास, मग गृहपाठ. चिडचिड, डोकेदुखी, कशावरूनही रडणं. शाळेनं बोलावून सांगितलं, समुपदेशन करून घ्या. आधी तिला झोपू द्या ना!

जुने_गुरुजी

वैशाखीताई, ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण त्यातलं निम्मं मला पटतं. शहरातल्या दोन सत्रांच्या शाळा म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. आमच्या माण-खटावात माध्यमिक शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. तुमच्या हिशेबानं तिथली पोरं टवटवीत दिसायला हवीत. मी मुख्याध्यापक होतो तेव्हाही तिसऱ्या तासाला बाकावर डोकी टेकलेली असायची. विचारलं की उत्तर एकच, रात्री एकपर्यंत गेम. शाळा आणखी उशिरा भरवलीत तर दोनपर्यंत खेळतील.

शहरात नऊला भरवायची म्हणता, मग दुपारचं सत्र सुटायला साडेसहा-सात वाजतील. डिसेंबरात अंधारातून पोरी घरी पाठवणार का? जादा खोल्या कोण बांधणार? वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नाही, संस्था वीजबिल भरताना रडतात. मागणी करणं सोपं आहे.

कृष्णाकाठ

गुरुजींचं बरोबर आहे. आमच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. 2022 मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. बायकांनी लावून धरलं आणि गावानं करून दाखवलं. त्याला कुठलं मेलाटोनिन लागलं नाही.

वैशाखी_नाशिक

वडगावाबद्दल आदरच आहे. पण तो भोंगा अभ्यासाचा आहे, झोपेचा नाही. साडेआठला सगळं पुन्हा सुरू होतं. आमच्याकडे रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतात, आमचेही. तरी मुलगी अकरापर्यंत छताकडे बघत पडलेली असते. मोबाइल काढून घेतल्यावरही झोप येत नाही, तेव्हा काय करायचं ते सांगा.

खडू_फळा

मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वेळेवर भांडा, जरूर भांडा. पण माझ्या वर्गातल्या मुली झोपेमुळे नाही, तहानेमुळे पेंगतात, हे कुणी बोलणार आहे का?

त्या पाणी पीत नाहीत. घरून निघताना नाही, शाळेत नाही. मुलींसाठीच्या सरकारी मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं येतात, सकाळी नऊला घर सोडतात, संध्याकाळी सहाला पोचतात. एवढ्या वेळात लघवीला जायला लागू नये म्हणून ओठ कोरडे ठेवून बसतात. आणि पाळीचे दिवस आले की हजेरीपटावर सरळ गैरहजर. 2014 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह जाहीर झालं, आमच्याकडेही आहे. खोली आहे, दार आहे, नळाला पाणी नाही.

गोळ्यांचंही सांगते. दर आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायची असते. सहावी ते आठवीच्या मुली खिचडी खाऊन घेतात. पोषण आहार आठवीला संपतो, म्हणून नववीची मुलगी तीच गोळी रिकाम्या पोटी घेते, मळमळतं, पुढच्या आठवड्यात दप्तरात लपवते किंवा खिडकीबाहेर टाकते. चौदाव्या वर्षी भूक संपते असं कुणी ठरवलं?

बालरोग_तालुका

मॅडमच्या प्रत्येक वाक्याला दुजोरा. माझ्याकडे ओटीपोटात दुखतंय म्हणून येणाऱ्या मुलींत लघवीचा संसर्ग नेहमीचा. हिमोग्लोबिन 8 निघालं तर आई म्हणते, "अभ्यासाचं टेन्शन असेल." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या. दम लागणं, चिडचिड, वर्गात लक्ष नसणं हे सगळं त्यातही बसतं. तेव्हा वैशाखीताई, वेळेचा वाद राहू द्या, मुलीचं रक्त आधी तपासून घ्या. आणि लोहाची गोळी चहासोबत देऊ नका, चहा ते लोह शोषू देत नाही.

वैशाखी_नाशिक

डॉक्टर, सल्ल्याबद्दल आभार, या आठवड्यात तपासते. पण "वेळेचा वाद राहू द्या" का म्हणून? ती उपाशी जाते ती वेळेमुळेच.

बी_शिफ्ट

धागा झोपेचा होता, पण आता स्वच्छतागृह निघालंच आहे तर गुरुजींना एक थेट प्रश्न. तुमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असायची? माझ्या पोरीच्या शाळेत स्टाफरूममध्ये असते. तेराचौदा वर्षांच्या पोरीनं चार सरांच्या समोरून जाऊन किल्ली मागायची. ती मागत नाही. मी चाकणला कंपनीत मशीनवर आहे, आमच्या कामगारांना असं कुणी वागवलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर युनियन उभी राहील.

जुने_गुरुजी

किल्ली शिपाईमामांकडे असायची. आणि कुलूप का लावावं लागतं ते विचारलंत का कधी? सुट्टीच्या दिवशी गावातली टोळकी आत शिरतात, नळ उपटून नेतात, भिंतीवर घाण लिहितात, दारूच्या बाटल्या फोडतात. सोमवारी सकाळी ते मुलींना दाखवायचं का? मुख्याध्यापकाला झोडपणं फार सोपं. मी स्वतः बादली घेऊन उभा राहिलो आहे. कारखान्यातली गेटसभा इथं आणू नका.

बी_शिफ्ट

नळ चोर नेतात आणि शिक्षा पोरींना. हे तुम्हाला सरळ वाटतं?

जुने_गुरुजी

मी तसं म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

खडू_फळा

गुरुजी, तुमच्याकडे शिपाईमामा तरी होते. डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची पदं, माणूस निवृत्त झाला की संपतात. त्याऐवजी भत्ता, ग्रामीण शाळेला एका पदामागे महिन्याला 5000 रुपये. त्या पैशात घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, स्वच्छतागृह धुवायचं. कोण येतं एवढ्यात? आमचे मामा गेले आणि तेव्हापासून ते दार बंद आहे. बांधकामाचा एकदाच निधी येतो, रोज धुणाऱ्या हातांना येत नाही. आम्ही दोघी शिक्षिका शनिवारी धुतो. मुलींकडून धुऊन घेत नाही, घेणारही नाही, कारण कुठल्या घरातल्या मुलींना पुढे केलं जातं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

कृष्णाकाठ

मॅडम, यात जात कुठून आली? प्रत्येक विषयात तेच. जपानमध्ये मुलं शाळा साफ करतात.

खडू_फळा

तिथं सगळी मुलं पाळीपाळीनं करतात. इथं बाई वर्गाकडे बघतात आणि ठरावीक तिघींची नावं घेतात. मी स्वतः त्या तिघींतली एक होते. यावर मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

कृष्णाकाठ

ठीक आहे. तुमचा अनुभव मी खोडत नाही. मोबाइलबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

अकरावी_सायन्स

इथे सगळे मोठे बोलत आहेत म्हणून लिहितो. शाळेची वेळ नऊ केली तरी आमची सकाळ मोकळी होणार नाही, तिथे क्लास येऊन बसतील. मी नववीपासून पहाटे साडेपाचच्या बॅचला होतो. 16 वर्षांखालच्यांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नका अशा केंद्राच्या सूचना जानेवारी 2024 मध्ये आल्या, आमच्या गावात कुणी वाचल्याचं दिसलं नाही. पीटीचा तास दहावीत एकदाही झाला नाही, गणिताचे सर घ्यायचे. मुलांच्या स्वच्छतागृहाला तर दारच नव्हतं, म्हणून मीही पाणी पीत नसे. हे घरी कधी सांगितलं नाही. मुलगा असून काय लाजतोस, असं ऐकावं लागलं असतं. आमच्या बॅचमधला एक जण दिवाळीनंतर आलाच नाही, घरीच बसून असायचा. सर म्हणाले, कमकुवत मनाचा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर मला यूट्यूबवरून कळला, शाळेतून नाही.

बालरोग_तालुका

बाळा, नंबर लिहिलास ते फार चांगलं केलंस. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आईवडिलांनीही करावा. त्या मित्राला भेटून ये. वर्गातल्या कुणीतरी दार वाजवणं याचा उपयोग होतो.

जुने_गुरुजी

पीटीच्या तासाचं खरं आहे. मीही गणिताला दिलेला आहे. निकाल लागला नाही की पालकच दारात उभे राहायचे, तेव्हा तेही लक्षात ठेवा. शिपाई भत्त्याचं खडू मॅडम म्हणतात ते शंभर टक्के मान्य, त्याविरुद्ध आमच्या मुख्याध्यापक संघानं निवेदनंही दिली. वेळेचं मात्र मान्य नाही. आधी खोल्या द्या, मग नऊची भाषा करा.

वैशाखी_नाशिक

गुरुजी, खोल्या येईपर्यंत माझी मुलगी पदवीधर होईल. नऊ नको, आठ करा. मधली सुट्टी आणि तास थोडे आटोपले तर दुपारचं सत्र सहाच्या आत सुटतं, मी वेळापत्रक मांडून बघितलंय. आणि पहिल्या तासानंतर दहा मिनिटं डबा खाऊ द्या. त्याला ना खोली लागते ना अनुदान.

जुने_गुरुजी

दहा मिनिटांच्या डब्याला माझी हरकत नाही. आठचं वेळापत्रक इथं टाका, तपासून सांगतो. तास 35 मिनिटांच्या खाली नेलेत तर दहावीचा पोर्शन संपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बी_शिफ्ट

टाका ताई. आणि ज्यांच्या शाळेत शिपाई भत्त्यातून माणूस लावून स्वच्छतागृह रोज धुतलं जातं, त्यांनी ते कसं जमवलं ते इथं लिहा. वरचे पैसे कोण घालतं, पाणी कुठून येतं, किल्ली कुणाकडे असते, सगळं. मला आमच्या शाळेच्या पालकसभेत ते घेऊन जायचंय.