जॉन विन्थ्रॉप यांची श्रद्धा : विल्यम्सना सौम्यता आणि हचिन्सन यांना हद्दपारी, हे कसे?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट) वसाहतीचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप (१५८८–१६४९) यांच्या चरित्राचा अभ्यास करताना एका जागी माझे वाचन वारंवार अडते. जानेवारी १६३६ मध्ये, आपल्या मतांमुळे हद्दपार ठरलेले धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांना पकडून इंग्लंडला परत पाठविण्याची तयारी चालू असताना, विन्थ्रॉप यांनीच आपल्याला वसाहतीच्या हद्दीबाहेरील नॅरागॅन्सेट उपसागराकडे निघून जाण्यास खासगीरीत्या सुचविले, असे विल्यम्स यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १६३७ मध्ये, विन्थ्रॉप यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने, घरी धार्मिक सभा भरविणाऱ्या ॲन हचिन्सन यांना हद्दपार केले. या दोन्ही प्रसंगी त्यांना मार्ग दाखविणारी श्रद्धा एकच होती काय? की श्रद्धा बोलण्यापुरती होती आणि खरा प्रश्न सत्तेचा होता?

उत्तर १

श्रद्धा आणि सत्ता यांना असे वेगळे काढले तर विन्थ्रॉप समजत नाहीत, असे माझे मत आहे. १६३० मध्ये त्यांना अमेरिकेला नेणाऱ्या ‘आर्बेला’ जहाजाच्या प्रवासाशी जोडले गेलेले त्यांचे प्रवचन पाहा. त्यातील ‘टेकडीवरचे नगर’ ही बायबलमधून घेतलेली प्रतिमा आज अभिमानाने उद्धृत केली जाते, परंतु मूळ संदर्भात तो इशारा आहे : आपण ईश्वराशी करार केला आहे, साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, आणि करार मोडला तर शिक्षा एकट्यादुकट्याला नव्हे, संपूर्ण समाजाला होईल. त्याच प्रवचनात श्रीमंताने गरिबाला कर्ज केव्हा द्यावे, ते केव्हा सोडून द्यावे, याचीही तपशीलवार चर्चा आहे. करुणा आणि शिस्त ही त्यांच्या लेखी त्या एकाच कराराची कलमे होती. हे लिहिणारा माणूस कायद्याच्या व्यवसायातला होता, हेही लक्षात ठेवावे.

आता आपल्या दोन प्रसंगांकडे येऊ. विल्यम्स यांची मते विन्थ्रॉप यांना मान्य नव्हती. धर्माच्या बाबतीत न्यायाधीशांना अधिकार नाही आणि राजाच्या सनदेने मूलनिवासींच्या जमिनीवर हक्क मिळत नाही, ही दोन्ही मते वसाहतीच्या मुळावरच येणारी होती. तरीही विल्यम्स दूर गेले की करार सुरक्षित राहत होता, आणि माणूस म्हणून त्यांच्याविषयी विन्थ्रॉप यांना जिव्हाळा होता. हचिन्सन यांचे तसे नव्हते. त्यांच्या घरी भरणाऱ्या सभांना बॉस्टनमधील वजनदार मंडळी येत होती, बहुतेक धर्मोपदेशक कृपेऐवजी कर्माचा उपदेश करतात (म्हणजे तारण ईश्वराच्या कृपेने नव्हे, सदाचरणाने मिळते असे शिकवितात) असा ठपका त्या सभांत धर्मोपदेशकांवर ठेवला जात होता, आणि खटल्यात तर आपल्याला ईश्वराकडून थेट साक्षात्कार होतो असे हचिन्सन यांनी सांगितले. ज्या समाजाने पवित्र ग्रंथ हाच अंतिम आधार मानला होता, तेथे या विधानानंतर निकालाची दिशा ठरलीच.

मधला एक दुवा मात्र सुटू नये. विल्यम्स निसटले त्याच महिन्यात सहकाऱ्यांच्या बैठकीत विन्थ्रॉप यांच्यावर फाजील सौम्यतेचा आक्षेप घेण्यात आला. वसाहत बाल्यावस्थेत असताना न्याय सौम्य असावा, अशी त्यांची धारणा होती. धर्मोपदेशकांनी उलट कौल दिला, तो त्यांनी मानला आणि पुढे अधिक कडक राहण्याचे वचन दिले. हचिन्सन यांच्या खटल्यातील कठोरपणा मी या वचनाच्या प्रकाशात वाचतो.

उत्तर २

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, परंतु करारात ज्यांना स्थानच नव्हते त्यांचे काय झाले, हे सांगितल्याविना ते अपुरे राहते. १६३३ च्या देवीच्या साथीत मूलनिवासी मोठ्या संख्येने मरण पावले, तेव्हा ईश्वरानेच जमिनीवरील आपला हक्क मोकळा करून दिला, अशा अर्थाचे विन्थ्रॉप यांनी पत्रात लिहिले. १६३७ च्या, पीक्वॉट या मूलनिवासी जमातीविरुद्धच्या युद्धातील बंदिवानांना गुलाम करण्यात आले, त्यांतील काही विन्थ्रॉप यांच्याच घरी होते, आणि १६४१ च्या कायदेसंहितेने न्याय्य युद्धातील बंदिवानांच्या गुलामगिरीला मान्यता दिली. येथे श्रद्धेने त्यांच्या मनाला टोचणी लावली नाही, उलट समाधान दिले. मला हीच गोष्ट त्यांच्या चरित्रात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

उत्तर ३

श्रद्धा बोलण्यापुरती होती काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या खासगी लेखनात शोधावे. इंग्लंड सोडताना पत्नी मार्गारेट मागे राहिल्या होत्या. दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दोघांनी मनाने एकमेकांना भेटायचे, असे त्यांनी पत्रातून ठरविले होते. जुलै १६३० मध्ये मुलगा हेन्री सेलम येथे बुडून मरण पावला, त्याची दैनंदिनीत जेमतेम एका ओळीची नोंद आहे, आणि मार्गारेट यांना लिहिलेल्या पत्रात मात्र बापाचा आक्रोश आहे. त्या पहिल्या वर्षी सुमारे २०० माणसे दगावली, अनेकजण परतले, तरी आपल्याला येथे आल्याचा पश्चात्ताप नाही असेच ते पत्नीला कळवीत राहिले. लोकांना दाखविण्यासाठी कोणी अशी पत्रे लिहीत नाही.

मात्र याच मनाने हचिन्सन यांच्या अनुयायी मेरी डायर यांचे मृत जन्मलेले अर्भक उकरून काढायला लावले आणि त्याच्या व्यंगात ईश्वराचा कोप वाचला. प्रत्येक घटनेत ईश्वरी संकेत पाहणारी दृष्टी स्वतःच्या दुःखात धीर देते आणि दुसऱ्याच्या दुःखात निर्दय होऊ शकते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. १६३६ च्या बैठकीचा दुवा माझ्या नजरेतून पूर्ण सुटला होता. एक उपप्रश्न आहे : आपला अधिकार ईश्वरदत्त आहे असे मानणारे विन्थ्रॉप दरवर्षीच्या निवडणुकीला कसे सामोरे जात होते?

उत्तर १ देणाऱ्याकडून

लोक निवडतात, पण निवडलेल्याचा अधिकार ईश्वराकडून येतो, अशी त्यांची मांडणी होती. १६३४ मध्ये नागरिकांनी वसाहतीची राजाने दिलेली सनद पाहण्याचा आग्रह धरला, कायदे करण्याचा हक्क आपलाही आहे हे त्यांना तीतून समजले, आणि त्याच वर्षी विन्थ्रॉप यांना पद सोडावे लागले. पुन्हा गव्हर्नरपद मिळाले ते १६३७ मध्ये. १६४५ मध्ये हिंगहॅम या गावच्या नागरी सैन्याच्या वादात अधिकाराचा अतिरेक केल्याचा आरोप झाला तेव्हा ते आरोपीच्या जागी जाऊन बसले, निर्दोष ठरले, आणि मगच त्यांनी स्वातंत्र्यावरील आपले प्रसिद्ध भाषण केले. मनाला येईल ते करण्याचे स्वातंत्र्य आणि अधिकाराच्या मर्यादेत राहून जे चांगले व न्याय्य ते करण्याचे स्वातंत्र्य, असा भेद त्यांनी तेथे केला. ते भाषण आणि हचिन्सन यांच्या खटल्याचा वृत्तांत आपण लागोपाठ वाचावा, असे मी सुचवीन.